मुलांच्या सायकली चोरीला जातायत: कुलूप कुठलं घ्यावं आणि सायकल बांधावी कशाला?

नदीकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. गेल्या काही महिन्यांत आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधून मुलांच्या सायकली एकेक करून जातायत. परवा माझ्या मुलीची गेली, तीही भरदिवसा, क्लासच्या दारातून. कुलूप होतं. प्लास्टिकचं आवरण असलेली वायर आणि चार आकड्यांचं कुलूप असतं ना, तेच. कापलेली वायर तिथेच पडली होती. एका दणक्यात कापलेली, टोकं सरळ, आतल्या बारीक तारांची जुडी बाहेर आलेली. सायकल कशालाच बांधलेली नव्हती, कारण क्लासच्या बाहेर बांधण्यासारखं काही नाहीच. सगळ्या मुलांच्या सायकली फुटपाथवर एकमेकींना टेकून उभ्या असतात.

मुलगी आठवीत आहे. शाळा, क्लास, मैत्रिणी, तिचं सगळं त्या सायकलवर चालायचं. आता आम्ही तिला स्कूटरवर सोडतो आणि आणतो. तिला ते आवडत नाही आणि मलाही. नवी सायकल घ्यायची आहेच. पण ती टिकेल कशी?

दुकानात विचारलं तर शंभर रुपयांपासून काही हजारांपर्यंत कुलपं दाखवतात आणि प्रत्येक कुलूप 'एकदम मजबूत' असतं. कुणी सांगतं ट्रॅकर लावा, कुणी सांगतं सायकल घरातच ठेवा. चौकीत गेले तर 'गहाळ' अशी नोंद करून घेतली. मी म्हटलं, अहो गहाळ नाही, चोरीला गेली आहे, कापलेलं कुलूप पिशवीत घेऊन आले आहे. ते म्हणाले, तेच असतं. ते खरंच तेच असतं का?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हा धागा देणार आहे.

---

पान्हा दहाबारा

ताई, वाईट वाटलं वाचून. आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. कुलूप कापलेली, चाक नसलेली, सीट उपटलेली अशी सायकल दुकानात येतेच, त्यामुळे चोर काय करतो ते रोज समोर दिसतं. जरा लांबेल, पण लिहितो.

पहिलं म्हणजे वायरचं कुलूप एकट्याने वापरायचं नाही. बोटभर जाड दिसतं, पण निम्मं प्लास्टिक असतं. आत बारीक तारा पिळलेल्या असतात आणि साधं हातातलं कटर त्या क्षणात तोडतं. आकड्यांची स्वस्त कुलपं तर कापावीही लागत नाहीत. वायर ताणून धरून चकत्या फिरवल्या की बरोबर आकड्यावर बोटाला खटका लागतो. वायरचा उपयोग एवढाच, की मुख्य कुलपाच्या जोडीला पुढच्या चाकातून ओवायची.

मुख्य कुलूप म्हणजे यू-लॉक (यू आकाराच्या जाड पोलादी दांड्याचं कुलूप), कुणी त्याला डी-लॉक म्हणतात, नाहीतर कडक पोलादाची साखळी. साखळी घेताना वजनावर जाऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळणारी साखळी जड असते पण मऊ लोखंडाची असते, कटर तिच्यात सहज घुसतं. ओळखायचं कसं? कोपऱ्यातल्या एका कडीवर कानस फिरवून बघा. कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, नुसता चकचकीत पट्टा उमटतो. मऊ लोखंडावर लगेच खरवड पडते आणि कीस निघतो. दुकानदार कानस लावू देत नसेल तर तिथे घेऊ नका, असं माझं मत.

१६ मिमी जाडीची कडक साखळी असेल तर हाताचं कटर तिच्यापुढे हरतं. पण तशी मीटरभर साखळी पाच किलोच्या आसपास भरते. आठवीतल्या मुलीने ती दप्तराबरोबर वाहायची नाही. जड साखळी घरच्या पार्किंगमध्ये कायमची अडकवून ठेवायची आणि सोबत न्यायला छोटं यू-लॉक.

छोटं का, तर यू-लॉकमध्ये जितकी मोकळी जागा उरेल तितकी पहार किंवा जॅक घालून फाकवायला सोय होते. फ्रेम, चाक आणि खांब एवढ्यानेच कुलूप भरून गेलं पाहिजे. किल्लीचं तोंड खाली असू द्या, पावसाचं पाणी आत जात नाही. आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीला टेकलं की हातोडीच्या घावाला खालून आधार मिळतो.

बांधायचं कुठे, हे फार लोक चुकतात. पुढच्या चाकात साखळी घालून जातात. पुढचं चाक नटावर असतं, गेअरच्या सायकलला तर क्विक रिलीजची खिट्टी असते, हाताने उघडते. चोर चाक तिथेच सोडतो आणि बाकी सायकल उचलतो. कुलूप फ्रेममधून गेलंच पाहिजे. त्यातही मागचं चाक आणि फ्रेम एकत्र धरलं तर उत्तम, कारण मागच्या चाकात गेअर असतात, ते महाग. अमेरिकेतले शेल्डन ब्राऊन नावाचे नावाजलेले मेकॅनिक एक पद्धत सांगायचे: मागच्या बाजूला फ्रेमच्या नळ्यांचा जो त्रिकोण असतो, त्याच्या आतल्या भागात मागच्या रिममधून छोटं यू-लॉक घालून खांबाला अडकवायचं. फ्रेमच्या नळीभोवती कुलूप नसलं तरी चाक त्या त्रिकोणातून बाहेर येत नाही, म्हणून सायकल सुटत नाही. आम्ही दुकानाबाहेर तसंच लावतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कशाला बांधता. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

---

सह्यवेडा

पान्हादादांना +१. क्विक रिलीजवाल्यांनी खिट्ट्या काढून अॅलन कीचे (षटकोनी चावीने फिरणारे) दांडे बसवून घ्या. चाक काढायला एक मिनिट जास्त लागेल, पण पंक्चर रोज होत नाही. सीटच्या खालच्या खिट्टीचंही तेच.

अजून एक जुनी युक्ती. अॅलन बोल्टच्या खड्ड्यात मावेल असा छर्रा टाकायचा आणि वरून मेण भरायचं. चावी आतच जात नाही. आपल्याला उघडायचं असेल तेव्हा मेण गरम करून छर्रा काढायचा. आणि सीटसाठी: जुन्या चेनचा तुकडा जुन्या ट्यूबमध्ये घालायचा, सीटखालच्या सळ्यांमधून आणि मागच्या नळ्यांमधून ओवून चेन तोडायच्या अवजाराने कायमचा जोडून टाकायचा. खर्च जवळपास शून्य आणि ट्यूबमुळे रंगही खरवडत नाही.

---

पान्हा दहाबारा

हां, तर कशाला बांधायची.

नळाचा पीव्हीसी पाइप: नको. लाथ मारली की फुटतो, आणि सोसायटीचं पाणी जातं ते वेगळं.

'नो पार्किंग'च्या पाटीचा दांडा: वरून सायकल उचलून बाहेर काढता येते का ते बघा. दांडा हलवून बघा. बरेचसे नुसते मातीत खोचलेले असतात.

झाड: बारीक झाडाला बांधली तर चोर झाड कापतो. आणि त्याने झाड नाही कापलं तरी साखळीने साल सोलली जाते.

खिडकीचं ग्रिल: आतून बोल्ट असेल तर चालेल. बाहेरून स्क्रू असेल तर नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नव्या सोसायट्यांत भिंतीवरून पाइपच्या गॅसची लाइन गेलेली असते. ती बरोबर सायकलच्या उंचीवर असते आणि मुलं तिलाच साखळी घालतात. कुणी साखळी हिसडली, कटरने ओढाताण केली तर सांधा सैल होऊ शकतो. कृपा करून आजच खाली जाऊन बघा, आणि अशी सायकल बांधलेली दिसली तर सोडवा. सायकल गेली तर दुसरी येईल.

---

कलमबहाद्दर

नदीकाठचीताई, तुमच्या चौकीच्या प्रश्नाबद्दल. मी फौजदारी वकिली करतो.

'गहाळ' आणि 'चोरी' एक नव्हे. गहाळ नोंद म्हणजे वस्तू हरवली असं तुम्ही कळवलंत. त्यात गुन्हा नाही, आरोपी नाही, म्हणून तपासही नाही. ऑनलाइन जी हरवल्याची तक्रार करता येते तीही मोबाईल, कागदपत्रं हरवली तर. कापलेलं कुलूप हातात असताना ती नोंद मान्य करायची नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. चोरीचं कलम आता ३०३, पूर्वीचं ३७९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण यात एक नवी गोष्ट आली आहे आणि ती सायकलवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवी. चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहिली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची.

म्हणून बिल जपा. समजा सायकल साडेआठ हजारांची होती आणि वर्षभरच वापरली होती, हे कागदावर दाखवता आलं तर गुन्हा दखलपात्र ठरतो आणि एफआयआर नोंदवावाच लागतो. बिल नसेल तर किंमत अंदाजाने लिहिली जाते आणि अंदाज कधी आपल्या बाजूने लागत नाही.

दुसरं, चोरी राहत्या इमारतीतून किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून झाली असेल तर कलम ३०५ लागू शकतं. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि ५,००० ची अट नाही. जिन्याखालून, बंद पॅसेजमधून सायकल गेली असेल तर जागेचं वर्णन तक्रारीत नीट लिहा. उघड्या पार्किंगबद्दल वाद होऊ शकतो, पण लिहायचं सोडू नका.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तोच मजकूर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात पोलीस उपायुक्तांकडे, पोस्टाने पाठवा आणि पोचपावती ठेवा. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. दोन प्रतींत टाइप केलेला अर्ज, बिलाची प्रत, फ्रेम नंबर, सायकलचा फोटो आणि कापलेलं कुलूप टेबलावर ठेवलं की बोलण्याचा सूरच बदलतो.

---

नदीकाठची

कलमबहाद्दर, मनापासून आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. बिल दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं आहे, किंमत ५,००० च्या बरीच वर आहे. उद्याच अर्ज घेऊन जाते.

फ्रेम नंबर मात्र कुठे असतो? बिलावर एक लांबलचक आकडा आहे, तोच का?

---

पान्हा दहाबारा

बहुतेक तोच. गेलेल्या सायकलचा आता ताडता येणार नाही, पण नवी आली की ताडून बघा. सायकल उलटी करा. पायडलच्या दांड्यांचा आस ज्या जाड आडव्या नळीतून जातो, तिच्या बुडाला नंबर ठोकलेला असतो. काही सायकलींना सीटच्या नळीवर, काहींना हँडलच्या खालच्या नळीवर किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ. चिखल आणि ग्रीसने बुजलेला असतो, ओल्या फडक्याने पुसा. वाचता येत नसेल तर त्यावर खडू घासून पुसा, आकडे पांढरे उठतात. चिकटवलेला स्टिकर असतो तो नंबर धरू नका, तो निघतो.

नवी सायकल घेताना दुकानदाराकडून बिलावर हा नंबर लिहून घ्याच. आम्ही लिहून देतो, पण फार कमी लोक मागतात.

फोटो काढताना एक पूर्ण सायकलचा चेनच्या बाजूने, एक नंबरचा, आणि एखादी खास खूण असेल तर तिचा: रंग उडालेली जागा, बदललेलं पायडल, वाकलेलं मडगार्ड. चोर स्टिकर काढतो, घंटी काढतो, पण वाकलेलं मडगार्ड सरळ करत बसत नाही. आणि सायकलबरोबर मुलीचाही एक फोटो असू द्या. सायकल सापडल्यावर ती आपली आहे हे पटवायला तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

---

बोरीबाभळी

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. पुण्याच्या सोसायट्यांचं वाचतेय, पण इथली बाजूही लिहावीशी वाटली.

आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत ही योजना आहे, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी. अनुदान ५,००० रुपये. आता वरची ५,००० ची अट वाचली आणि पोटात गोळा आला. म्हणजे या मुलींची वापरलेली सायकल गेली तर ती जवळजवळ नेहमीच एनसीत बसणार. ज्या मुलीची सायकल गेल्यावर शाळाच सुटू शकते, तिच्याच चोरीला कायद्यात सगळ्यात कमी वजन, हे मला बरोबर वाटत नाही. घरचे म्हणतात, आता चालत कशी पाठवायची, रस्ता शेतातला आहे. दोन आठवडे मुलगी येत नाही, मग एकदम लग्नाचंच बोलणं कानावर येतं. मी हे पाहिलेलं आहे.

कुलपाचं म्हणाल तर मागच्या चाकाला ते गोल कुलूप असतं तेवढंच. सायकल उचलून टेम्पोत टाकली की झालं. आणि मुलींनी एकाच दुकानातून घेतलेल्या असल्या की सगळ्या सायकली सारख्या. एकच रंग, एकच मॉडेल. चोरी सोडा, मुलीच एकमेकींच्या घेऊन जायच्या.

आम्ही काय केलं ते सांगते. बाजारात भांड्यांवर नाव घालून देणारे बसतात ना, त्यांच्यातल्या एकाला शाळेत बोलावलं. त्याच्या त्या थरथरत्या मशीनने प्रत्येक सायकलच्या सीटखालच्या नळीवर मुलीचं आडनाव, गाव आणि शाळेचा नोंदवहीतला क्रमांक घालून घेतला. टिंबाटिंबांची अक्षरं, रंगाच्या खाली लोखंडापर्यंत गेलेली. वरून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले, म्हणजे गंज धरत नाही. शाळेच्या एका वहीत मुलीचं नाव, फ्रेम नंबर आणि घातलेलं नाव अशी नोंद. मुलींनी आपापले नंबर स्वतः वाचून लिहिले, त्यात त्यांना फार मजा आली.

त्यानंतर एक सायकल गेली होती. शेजारच्या गावच्या भंगारवाल्याने ती घ्यायला नकार दिला आणि सरपंचांना फोन केला, कारण नळीवर गावाचं नाव होतं. सायकल परत आली.

---

सह्यवेडा

बोरीबाभळीताई, वाचताना अंगावर काटा आला. भांड्यांवर नाव घालण्याची कल्पना फारच चांगली आहे. फक्त कुणी ती महागड्या अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर करू नका, तिथे पातळ नळीला ओरखडा म्हणजे कमजोर जागा. साध्या लोखंडी फ्रेमला काही होत नाही.

---

कलमबहाद्दर

बोरीबाभळीताई, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे. कायद्याच्या चौकटीत एक मार्ग सुचवतो. एनसी झाली तरी तपासाच्या आदेशासाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एकट्या पालकाला ते जमणार नाही, पण शाळेच्या दोन-चार सायकली गेल्या असतील तर मुख्याध्यापकांच्या सहीने एकत्र माहिती द्या. एकाच टोळीने एकाच वेळी नेल्या असतील तर किमतीची बेरीज ५,००० च्या वर जाते, हा मुद्दा मांडता येतो. तुमची ती नोंदवही इथे पुरावा म्हणून उत्तम चालेल.

---

आइंडहोव्हनकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे माणसं १ कोटी ८० लाखांच्या आसपास आणि सायकली २ कोटी ३० लाखांहून जास्त. चोऱ्याही भरपूर होतात. म्हणून इथे लोक काय करतात ते लिहितो.

मागच्या चाकाचं गोल कुलूप इथेही बहुतेक सायकलींना असतं, आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला असायचं तसंच, फक्त दणकट. त्यात एक भोक असतं, त्यात साखळीचं टोक बसतं. म्हणजे एकाच किल्लीत चाकही अडतं आणि सायकल खांबालाही बांधली जाते. दुकानात थोडा वेळ जायचं असेल तर नुसतं गोल कुलूप, जास्त वेळ किंवा रात्रभर असेल तर साखळीसकट. ही सवय लहान मुलांनाही असते. आपल्याकडच्या गोल कुलपाला लोक हसतात, मला ते बरोबर वाटत नाही. खांबाला बांधण्याच्या जोडीला ते हवंच.

दुसरं म्हणजे दोन वेगवेगळ्या प्रकारची कुलपं. यू-लॉकला एक अवजार लागतं, साखळीला दुसरं. चोराकडे दोन्ही असतीलच असं नाही आणि शेजारी एकच कुलूप लावलेली सायकल उभी असते. आणि विमा असेल तर कंपनी कुलपाला मान्यता आहे का बघते आणि चोरीनंतर किल्ल्या मागते. एकच किल्ली दाखवता आली तर अडचण होते. तेव्हा जादा किल्ली घरी एका ठरलेल्या जागी ठेवा.

तिसरी गोष्ट सरकारने केलेली आहे. उट्रेख्तच्या रेल्वे स्टेशनखाली १२,५०० सायकलींची जागा आहे, २०१९ मध्ये पूर्ण झाली. पहिले २४ तास फुकट, आत माणसं असतात. अॅमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनजवळ २०२३ मध्ये पाण्याखाली ७,००० सायकलींची जागा उघडली. आपलं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं, पण स्टेशनावर, मेट्रोखाली, क्लासेसच्या रांगांसमोर सायकल बांधायला एक धड लोखंडी कमान मिळत नाही. नदीकाठचीताई म्हणतात तसं, बांधण्यासारखं काही नाहीच. मला मूळ दुखणं हे वाटतं.

---

निवांतपुरे

ट्रॅकरबद्दल कुणी लिहिलं नाही. एअरटॅग, म्हणजे अॅपलचा तो छोटा ट्रॅकर, सायकलला लावला तर?

---

सह्यवेडा

लावा, पण तो काय करतो ते समजून लावा. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं. आसपास कुणाचा आयफोन असेल तर त्याच्यामार्फत जागा कळते. शहरात बरं चालतं, गावाकडे नाही. शिवाय कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून, मालकापासून दूर गेलेला टॅग सोबत फिरतोय असं चोराच्या फोनवर कळू शकतं आणि काही तासांनी टॅग स्वतःच वाजायला लागतो. तेव्हा चोरी झाल्या झाल्या कळलं तर उपयोग, दुसऱ्या दिवशी कमी.

धातूच्या नळीच्या आत घालू नका, सिग्नल दबतो. सीटच्या खाली किंवा बाटलीच्या स्टँडखाली चालतं. बॅटरी सीआर २०३२, वर्षाला बदला.

आणि जागा दिसली म्हणून एकट्याने तिथे जायचं नाही. पोलिसांना घेऊनच जा. हे मुलांनाही बजावून ठेवा.

---

गल्लीतला

मी पेपर लाइनला आहे, पहाटे चारपासून. आमच्या पोरांच्या सायकली साध्या, पण पोटापाण्याच्या. आम्ही एवढंच पाळतो: अंधारात सायकल लावायची नाही, चहाच्या टपरीसमोर दिव्याखाली लावायची, टपरीवाल्याला सांगून. आणि बिल्डिंगमध्ये पेपर टाकायला वर जाताना दोघांच्या सायकली एकाच साखळीत. एक सायकल खांद्यावर टाकून नेता येते, दोन अडकलेल्या नेता येत नाहीत. खांब नसेल तिथे क्लासच्या मुलांनी हे करावं. मैत्रिणी-मैत्रिणींनी फ्रेम टू फ्रेम.

---

नदीकाठची

गल्लीतला दादा, हे आजपासून करता येईल असं आहे. मुलीच्या मैत्रिणींना सांगते.

अपडेट: अर्ज, बिल, कापलेलं कुलूप घेऊन ठाण्यात गेले. थोडा वेळ बसावं लागलं, पण एफआयआर झाला. प्रत मिळाली. कलमबहाद्दर, तुमच्यामुळे.

क्लासच्या सरांनाही भेटले. ते म्हणाले, जागा आमची नाही, फुटपाथ महापालिकेचा. पण दाराशेजारची त्यांची स्वतःची भिंत आहे, तिथे काही बसवता येईल का बघतो म्हणाले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रविवारी विषय घेतलाय. तिथे नेमकं काय मागू? सेक्रेटरी म्हणतात कॅमेरे आहेत की.

---

तळमजला

आमच्या सोसायटीत (ठाणे) मागच्या वर्षी हे सगळं केलं, म्हणून लिहितो.

कॅमेरे पार्किंगच्या छतावरून गाड्यांचे टप दाखवतात. चोराची टोपी दिसते. एक कॅमेरा गेटवर चेहऱ्याच्या उंचीला हवा, बाहेर जाणाऱ्याकडे तोंड करून. आणि रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून चोरी कळली की त्याच दिवशी लेखी मागून कॉपी काढून ठेवा.

वॉचमनवर खापर फोडू नका. आमच्याकडे एकच माणूस गेट, पाण्याचा पंप, कुरिअर आणि रात्रीची फेरी सांभाळायचा. त्याला कुणाची सायकल कुठली हे माहीतच नव्हतं. आता प्रत्येक सायकलला फ्लॅट नंबरचा बिल्ला आहे आणि मोठं माणूस लहान मुलाची सायकल घेऊन बाहेर पडलं तर तो विचारतो. त्याला विचारायचा अधिकार आहे हे कमिटीने नोटीस लावून सांगितलं, तेव्हा कुठे तो विचारायला लागला.

स्टँड मागा. पण दुकानात मिळतात ते पुढचं चाक खाचेत घालायचे स्टँड नकोत. त्यात फ्रेम बांधता येत नाही आणि सायकल कलंडली की रिम वाकते. फॅब्रिकेशनवाल्याकडून उलट्या यू आकाराच्या कमानी करून घ्या. दोन इंची पाइप, जमिनीपासून पाऊण मीटर उंच, दोन कमानींत मीटरभर अंतर. एका कमानीला दोन्ही बाजूंनी दोन सायकली लागतात. पाय फूटभर खाली काँक्रीटमध्ये गाडा. लहान मुलांच्या सायकलींसाठी त्याच कमानीला खालच्या बाजूला एक आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, नाहीतर छोट्या फ्रेमला कुलूप पोचत नाही.

कमानी गेटच्या जवळ, येण्याजाण्याच्या वाटेवर. मागच्या कोपऱ्यात, जनरेटरमागे, जिथे गाडी लागत नाही म्हणून सायकलींना ढकलतात, तिथे नकोत. आमच्याकडे यावरूनच सगळ्यात जास्त भांडण झालं, कारण एका गाडीची जागा जात होती. पण त्या जागेत दहा मुलांच्या सायकली उभ्या राहतात.

---

निवांतपुरे

घरात का ठेवत नाही लोक? मी रोज लिफ्टने वर नेतो.

---

तळमजला

तुमची एक सायकल असेल. तीन मुलांच्या घरात, वन बीएचकेत, चिखलाने भरलेल्या तीन सायकली कुठे ठेवणार? आणि सातवीतल्या मुलाला रोज वर न्यायला लावली की तो चौथ्या दिवसापासून सायकल चालवायची सोडतो.

---

सह्यवेडा

जुनी सायकल घेणाऱ्यांनाही विनंती. बिल नाही, फ्रेम नंबर घासलेला, किंमत निम्म्याच्या खाली आणि विकणारा रस्त्यात भेटायचं म्हणतो, तर घेऊ नका. चोरीचा माल आहे असं वाटण्याजोगं कारण असताना घेणं हाही गुन्हा आहे. कलमबहाद्दर सांगतीलच.

---

कलमबहाद्दर

कलम ३१७. तीन वर्षांपर्यंत. आणि सायकलही जाते, पैसेही. घेणारच असाल तर विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि फ्रेम नंबर लिहिलेली सही केलेली पावती घ्या.

---

नदीकाठची

तळमजला, तुमचा प्रतिसाद छापून मीटिंगला नेते आहे. आमचं पार्किंग इमारतीच्या खालीच आहे आणि त्याच्याखाली पाण्याची टाकी आहे. तिथे फूटभर खोदता येईल असं वाटत नाही. मग खांबाला हूक बसवला तर? क्लासच्या भिंतीलाही तेच विचारायचं आहे.

---

पान्हा दहाबारा

टाकीवर अजिबात खोदू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. इमारतीच्या आरसीसी खांबातही ड्रिल करू नका, आतली सळई लागते, आणि एकाने केलं की सगळे करतात. खांबाला भोक न पाडता त्याच्याभोवती साखळी फिरवता येते, लांबी पुरली तर तेच करा.

कंपाउंडची भिंत चांगली असेल तर तिच्यात अँकर (भिंतीत रुतवायचे बोल्ट) बसवा. विटांच्या भिंतीत नुसता फुगणारा फास्टनर ओढला की निघतो, तिथे केमिकल अँकर घ्या, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का होणारा बोल्ट. काँक्रीट असेल तर १२ मिमीचा फास्टनर चालेल. जाड पोलादी पट्टीची कडी करून चार जागी बसवा आणि बसवून झाल्यावर नटांवर वेल्डिंगचे दोन टिपके मारा, म्हणजे पान्ह्याने फिरत नाहीत. वेल्डिंग केमिकल कडक झाल्यावरच आणि थोडं थोडं करायचं, उष्णतेने ते मऊ पडतं. कडी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या उंचीला. क्लासच्या भिंतीलाही असंच, फक्त तिथे कड्यांच्या ऐवजी एक लांब आडवा पाइप भिंतीपासून हातभर सोडून बसवला तर जास्त सायकली लागतील.

नव्या कुलपात दर पावसाळ्याआधी आणि नंतर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. सरांना आणि कमिटीला भिंतीचा फोटो पाठवायला सांगा इथे, विटा आहेत की काँक्रीट ते बघून कुठला अँकर ते सांगतो.